पाळीवरची हजेरी

"अकराचा फोन हाये, अन् तू अजून तांदूळच धुऊन राहिली?" सुलोचनाबाई डाफरल्या. "जाय ना केशर! खिचडी मी पाहतो."

केशरबाईनं ओले हात पदराला पुसले, सुनेचा मोबाईल उचलला आणि तलावाच्या पाळीकडे, मातीच्या उंच बांधाकडे, ती जवळजवळ पळालीच. दिघोरीत नेटवर्क मिळायचं ते तिथंच.

अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची अठरा वर्षं गेली होती. सुलोचनाबाई सेविका, त्या आता निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी बारावी पास हवं, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी केशरबाईनं घरूनच अभ्यास करायचा फॉर्म भरला होता. लेखी पेपर झाले. उरली होती तोंडी परीक्षा, व्हिडिओ कॉलवर.

पाळीवर तिचा पाय एका जागी ठरेना. इथं दोन दांड्या दिसत, चार पावलांवर एकही नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"लहान मुलांच्या आहाराबद्दल सांगा," लाखांदूरच्या अभ्यासकेंद्रातले सर म्हणाले.

"सर, सहा महिन्यांपर्यंत..."

सरांचा चेहरा पडद्यावर थिजला आणि फोन कटला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा पुन्हा लावला. बारा वाजले. वेळ संपली.

घराकडे पाऊल वळेना. तेवढ्यात लाखांदूरची बस आली, तशी धुराचा वास लागलेल्या साडीनिशी ती चढून बसली.

अभ्यासकेंद्रात सर कागदांचा गठ्ठा बांधत होते.

"तुमची गैरहजेरी लागली, ताई. यादी वर गेली."

"गैरहजर कशी? मी हजर होती ना सर. पाळीवर."

सर वरमले. "आता सहा महिन्यांनी बसा."

"तवरिक जागा भरून जाईल."

सरांनी गठ्ठ्याची गाठ आवळली. केशरबाई दारापर्यंत गेली आणि वळली.

"मार्क नोका देऊ. पण तुमी इचारलं होतं, तं उत्तर आयकून घ्या."

सरांनी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. उभ्यानंच सुरुवात केली, अडखळत, मग सरळ. आपल्या नातीचं वजन भरेना तेव्हा सून रिता कशी रडायची, अन् केशरबाईनं स्वतः त्या पोरीला वाटी-वाटीनं काय काय भरवलं, तेही त्यात आलं. ते पुस्तकात नव्हतं.

मधेच शिपाई कुलूप घेऊन आला. सरांनी त्याला हातानंच थांबायची खूण केली.