दादाच्या पाचव्या पुस्तकाची सूची

सूड उगवायला मला अडुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं. आणि तो उगवला पुस्तकाच्या शेवटच्या सहा पानांत, जिथे लेखक स्वतः कधी फिरकत नाहीत.

लेखक म्हणजे माझा थोरला भाऊ, इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात, गुडघ्यांची तक्रार करतात. दादा चरित्रं लिहितो. तीही राजांची, सेनापतींची नाहीत. इतिहासाने ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, अशांची. पुलाच्या मोजणीत साखळी ओढणारा माणूस, दीपगृहाची राखणदारीण, लस घेऊन डोंगर चढणारा शिपाई, तुरुंगातली सुईण. अशी चार झाली. भाषणात ‘उपेक्षितांना न्याय’ म्हणताना दादाचा आवाज भरून येतो आणि तो चष्मा काढून पुसतो. मी हे सात वेळा पाहिलंय. सातही वेळा चष्मा स्वच्छच होता.

दादाला जुनी हस्ताक्षरं वाचता येत नाहीत. ती मी वाचते. नोंदणी कचेरीत तेहेतीस वर्षं कारकुनी केली मी. शाई फुटलेलं, वाळवीने खाल्लेलं, एका दमात जोडून लिहिलेलं अक्षर मला वर्तमानपत्रासारखं दिसतं. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी भिंग घेऊन कागद उतरवून काढायची, दुसऱ्या टोकाला दादा त्यावरून पुस्तक लिहायचा. चारही पुस्तकांत माझं नाव नाही. मी मूग गिळून बसले. भाऊ आहे, म्हटलं.

पाचवं पुस्तक एका नकलनवीस बाईवर होतं. कोर्टाच्या हुकुमांच्या नकला करून करून तिची चाळीस वर्षं गेली, पण तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तीनशे बारा कागद मी वाचले. दोनशे नव्वदाव्या कागदाच्या पाठीमागे, पुसट पेन्सिलीत, तिचं नाव मला सापडलं. मी ओरडलेच. दादा उठून आला, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "छोटी, यावेळी पहिल्या पानावर तुझं नाव. माझ्या नावाखाली. शब्द देतो."

छोटी म्हणजे मीच. अजून.

प्रूफं आली तेव्हा मी आधी पहिलं पान पाहिलं. तिथे एकटा दादा. मग ऋणनिर्देश. त्यात ग्रंथालयाचा शिपाई होता, झेरॉक्सवाला होता, दादाचा डोळ्यांचा डॉक्टर होता. शेवटी ‘आणि घरची मंडळी’. दोनशे चौदाव्या पानावर लिहिलं होतं, ‘अखेर मला तिचं नाव सापडलं.’

"मला?" मी विचारलं.

"अगं, लिहिण्याची पद्धत असते ती."

"आणि पहिलं पान?"

"प्रकाशक म्हणाला, दोन नावं विचित्र दिसतात. आणि घरच्या माणसांचे कुणी असे आभार मानतं का? परकं वाटतं." मग त्याने प्रूफांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "सूची तेवढी परवापर्यंत करून टाक. नेहमीसारखी थेट प्रकाशकाकडेच पाठव, मला दाखवत बसू नकोस."

त्याने शब्द देऊन माझ्या तोंडाला पानं पुसली होती, आणि वर कामही सांगत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी म्हटलं, "बरं."

दादाच्या मित्रांना मी चांगली ओळखते. प्राध्यापकाच्या हातात नवं पुस्तक पडलं की तो पहिलं पान उघडत नाही. आधी शेवटची नावांची-विषयांची सूची उघडतो आणि स्वतःचं नाव शोधतो. नसलं तर कोणाकोणाचं आहे ते बघतो. म्हणजे माझी सहा पानं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत बारकाईने वाचली जाणार होती. मी दोन दिवस बसून सूची केली. त्यात खोटं एक अक्षर घातलं नाही. प्रत्येक आकडा तीनदा तपासला आणि पाठवून दिली.

पुस्तक छापून आलं. दादाच्या जुन्या विभागाने सत्कार ठरवला. तिथे वाटायला वीस प्रती घरी आल्या. सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी विभागप्रमुखाचा फोन आला. हा दादाचाच जुना विद्यार्थी. दादाला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"सर, पुस्तक पोचलं. सूची चाळत होतो सहज, माझं नाव आहे का बघायला. सर, ‘ल’खाली जे आहे, ते तुम्ही मुद्दाम घातलंय ना? फार धाडस लागतं हो. इथे सगळ्यांनी वाचलं." मागे कुणीतरी फिसकन हसलं.

दादाने पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. मोठ्याने वाचण्याची सवय वर्गातली.

"‘लेखक: जुने अक्षर वाचता न येणे, ९, १७, ३० ते ३६, पुढे सर्वत्र.’ हे काय आहे?"

"सूची," मी म्हटलं.

"‘नाव, नकलनवीस बाईचे: सापडले लेखकाच्या बहिणीला, २१४.’" त्याचे कान लाल झाले. "‘बहीण, लेखकाची: मूळ कागद वाचले, ९ ते २८०, चुकीची तारीख सुधारली, ८८, सहाव्या प्रकरणाचा शेवट सुचवला, १५१, चहा, सर्वत्र.’ छोटी! माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस तू!"

"एक तरी आकडा चुकीचा निघाला तर दाखव."

तो खरंच तपासायला बसला. कसाही असला तरी इतिहासाचा माणूस आहे. फूटपट्टी घेतली, एकेक नोंद लावून पाहू लागला. मी समोर बसून चहा प्यायले. त्याचं बोट एका पानावरून दुसऱ्या पानावर जात होतं, मान आणखी खाली जात होती, आणि मला मनापासून बरं वाटत होतं. लाज कशाला वाटेल? इतक्या वर्षांत इतका चविष्ट चहा लागला नव्हता.

तासाभराने त्याने फूटपट्टी ठेवली. "सगळं बरोबर आहे." मग तो पुन्हा पानं पुढेमागे करू लागला. "पण छोटी, तुझं नाव कुठाय?"

"म्हणजे?"

"नाव. सगळीकडे ‘लेखकाची बहीण’ आहे. तुझं नाव यात एकदाही नाही."

मी पुस्तक ओढून घेतलं. सहाही पानं पाहिली. नव्हतं. कचेरीत तेहेतीस वर्षं दुसऱ्यांची नावं रजिस्टरात घातली. कारकुनाने आपलं नाव कुठेच घालायचं नसतं, हे हाडात भिनलेलं. इतक्या रागात, इतक्या काळजीने मी सूची केली, आणि स्वतःला बहीण म्हणून लावून मोकळी झाले. त्या विभागात सगळ्यांनी वाचलं होतं, पण ती बहीण कोण, हे कुणालाच कळलं नव्हतं.

दादाचा चेहरा मात्र उजळला. "तूही विसरलीसच की. मग झाली फिट्टंफाट. जाऊ दे आता."

फिट्टंफाट! मी उठले, आतून काळ्या शाईचं जाड निबाचं पेन आणलं आणि विसांपैकी पहिली प्रत त्याच्यापुढे आदळली.

"उघड. पहिलं पान."

"काय करतेस? उद्या वाटायच्या आहेत या!"

"म्हणूनच. तुझ्याच हाताने वाटायच्या. नाहीतर उद्या मी येते आणि माइकवरून सांगते."

त्याने पान उघडलं. त्याच्या छापील नावाच्या वर मी माझं नाव लिहिलं, माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, दाबून, उलट्या बाजूला उमटेल इतकं. दुसरी प्रत. तिसरी. नवव्या प्रतीला तो एका हाताने पान धरून दुसऱ्याने उरलेल्या प्रती मोजायला लागला. मला दया आली नाही.

"छोटी, पुरे ना गं."

"नीट धर, पान हलतंय," मी म्हटलं, "आणि शाई वाळेपर्यंत मिटायचं नाही." आणि दहावी प्रत पुढे सरकवली.