चिखल्याची काळी मिशी

चिखल्याच्या मँगनीज खाणीत केवळराम पटले एकतीस वर्षं ड्रिलर होता. जमिनीखाली उतरायचं, मशीन अंगाशी धरायची आणि खडकात भोकं पाडायची, हे त्याचं काम. या कामात त्याचे कान जरा जड झाले, हेल्मेटखालचे केस गेले, गुडघे कुरकुरू लागले. मिशी मात्र शाबूत राहिली. नुसती शाबूत नाही, काळीभोर. साठीला आला तरी तिच्यात एक पांढरा केस नव्हता. दोन्ही टोकं अशी वर वळलेली, की समोर उभ्या माणसाला वाटे, आपलंच काहीतरी चुकलंय.

मिशीचे त्याचे नियम होते. सकाळी तिला तिळाचं तेल चोळायचं. दिवसातून दोनदा पीळ द्यायचा. आणि साबण लावायचा नाही, कधीच नाही. साबणानं मिशीतला दम निघून जातो, असं त्याचं मत होतं. आंघोळीच्या वेळी तो मिशीवर डावा हात ठेवून उरलेलं तोंड धुवायचा.

सत्तर सालानंतर खाणीवर नवी पोरं भरती झाली. कानांवर केस, पायात घोळदार पँटी, मागच्या खिशात कंगवा. पाळी सुटल्यावर ती आंघोळ करून, पावडर लावून कॉलनीत फिरायला निघाली की केवळराम त्यांना चिंचेखाली थांबवी आणि दुनिया कशी बिघडली ते समजावून सांगे.

"भिंतीले रंग देतात," तो म्हणे. "पोळ्याले बैलाच्या शिंगाले देतात. माणसाले देत नाहीत. माही मिशी पाहा. मेहनतीनं काळी आहे."

पोरं ऐकून घेत. दोघांनी तर मनावर घेऊन तोंडाचा साबणच सोडला. महिनाभरात त्यांच्या तोंडावर पुळ्या उठल्या आणि एकाची होत आलेली सोयरीक फिसकटली. केवळरामने त्याचा दोष मुलीकडच्यांना दिला.

त्याच्या स्वतःच्या मुलीची, शकुनची सोयरीक जमली तीही त्याच्या मनाविरुद्धच. सेवकराम नावाचा तुमसरचा शाळामास्तर तिला पाहायला आला. ओठावर काही नाही, गालावर स्नो, खिशात सेंट लावलेला रुमाल. पोहे खाऊन, चहा पिऊन तो गेला, आणि अर्ध्या तासानं केवळरामने बायकोला विचारलं की पाहुणा खरंच गेला का, कारण वास तर अजून बसूनच आहे. पण शकुनला तो वास आवडला होता. बेबीबाईला, म्हणजे तिच्या आईला, पाहुण्यानं आपली कपबशी स्वतः उचलून नेली हे आवडलं होतं. दोघींपुढे एकट्या मिशीचं काय चालणार? लग्न झालं. केवळराम लोकांना सांगे की जवाई स्वभावानं चांगला आहे, फक्त सोलल्यासारखा दिसतो.

ब्याऐंशी सालच्या आषाढात केवळराम रिटायर झाला. साहेबांनी हार घातला, छत्री दिली, आणि भाषणात त्याच्या मिशीचं नाव कामाच्या आधी घेतलं. कॉलनीतली खोली सोडून नवराबायको सिहोऱ्याला आपल्या घरी आली. तिथे धानाची थोडी शेती होती आणि रोपं लावायचे रोवणे तोंडावर आले होते. केवळराम चिखलात उतरला, पावसात भिजला, तलावात पोहला. असा मोकळा उजेड त्याच्या तोंडावर एकतीस वर्षांत पडला नव्हता.

पोळ्याला शेजारच्या परसरामने विचारलं की केवळरामभाऊ, मिशीले चहा लागला का? केवळरामने पुसून पाहिलं. चहा नव्हता, मिशीचाच रंग तसा झाला होता. दसऱ्यापर्यंत ती राखेसारखी दिसू लागली. मागोमाग भुवयाही त्याच वाटेनं निघाल्या. मिशीची टोकं तेवढी काळी राहिली होती.

केवळराम घाबरला. धानावर करपा पडतो तसा मिशीवर काहीतरी रोग पडला, अशी त्याची खात्री झाली. दुप्पट तेल चोळून पाहिलं, तर मिशी आणखी उजळली. शेवटी तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून, कोणाला न सांगता तुमसरला डॉक्टरकडे गेला. डॉक्टर तरुण होता. त्यानं दुपट्टा सोडवला, मिशी पाहिली, कुठं काम करत होता ते विचारलं. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मिशीच्या काळ्या टोकावरून फिरवला. टोक पांढरं झालं आणि बोळा काळा.

"काका, हा रोग नाही," डॉक्टर बोळा दाखवत म्हणाला. "हे मँगनीज आहे."

"मंग हे पांढरं?"

"ते तुमचं आहे."

केवळरामने बोळा बोटांत घेऊन चोळला. खाणीची बारीक भुकटी, त्यावर तेल, त्यावर पुन्हा भुकटी, असे थर एकतीस वर्षं बसत गेले होते. मिशी आत कधी पिकली, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. खाणीत सगळीच तोंडं काळी, तिथे कोण कोणाला सांगणार? परतताना त्याला चिंचेखालची सगळी भाषणं एकेक करून आठवली. सिहोऱ्याच्या आधीच्याच स्टॉपवर तो उतरला आणि उरलेला रस्ता पायी आला.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. पण शकुन बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगा झाला आणि मार्गशीर्षात बारशाचा दिवस ठरला. चिखल्याहून माणसं येणार होती. या तोंडानं त्यांच्यासमोर जाणं केवळरामला शक्य नव्हतं. त्याचा जोडीदार तुलाराम अजून खाणीवर होता. केवळरामने त्याला निरोप धाडला की आठवण म्हणून थोडी खाणीची भुकटी आणून दे. तुलारामला हे ऐकून भरून आलं. माणसाचं कामावर केवढं प्रेम, असं चार जणांना सांगत तो बारशाच्या सकाळी तंबाखूच्या पिशवीत भुकटी घेऊन आला.

केवळराम पिशवी घेऊन गोठ्यात गेला. करवंटीत तेलात भुकटी कालवली आणि बैलांच्या देखत मिशीला थापली. बाहेर आला तेव्हा मिशी पूर्वीपेक्षाही काळी होती. भुवया मात्र विसरल्या होत्या. चिखल्याच्या लोकांनी राम राम केला आणि तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण बोललं कोणी नाही.

बारसं लागलं. बायकांनी पाळणा म्हटला, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मुलाला आजोबाच्या हातात दिलं. केवळरामने त्याला पहिल्यांदाच एवढ्या लोकांत घेतलं होतं. त्याला राहवलं नाही. त्यानं नातवाचा मुका घेतला, मग दुसऱ्या गालाचा घेतला, मग मधोमध घेतला.

मूल परत पाळण्यात ठेवलं तेव्हा त्याला मिशी आली होती. ओठावर जाड, काळी, एका बाजूला वर वळलेली, आणि गालांवर कल्ले. बायकांचं बोलणं एकदम थांबलं. मग एका म्हातारीनं पोर कोणावर गेलं ते सांगून टाकलं आणि सगळं घर हसायला लागलं. तुलाराम तेवढा हसला नाही. तो एकदा नातवाकडे, एकदा आजोबाकडे आणि एकदा आपल्या रिकाम्या खिशाकडे पाहत होता.

केवळरामचा हात मिशीवर गेला आणि काळा होऊन परत आला. आता इथून कुठं जावं, ते त्याला कळेना. तेव्हा सेवकराम पुढे झाला. खिशातला सेंटचा रुमाल काढून त्यानं मुलाचं तोंड पुसलं आणि अगदी शाळेतल्या आवाजात सांगितलं की त्यांच्या तुमसरकडे आजोबानं काजळ लावून मुका घ्यायची रीत आहे, दृष्ट लागत नाही. अशी रीत कुठंच नव्हती. पण मास्तर सांगतोय म्हटल्यावर लोकांनी मान हलवली, आणि दोन आजोबा आपापल्या नातवांसाठी काजळ मागायला लागले.

पंगत उठल्यावर केवळराम गोठ्यात जाऊन बसला. बेबीबाई तिथे तांब्या आणि साबण घेऊन आली. तिनं साबण त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की मिशी धुवा. मग म्हणाली, "मले पयल्या वर्सापासून मालूम होतं. उशीच्या खोळा कोण धुत होतं?"

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी लय खुश होते."

केवळरामने मिशी धुतली. चार वेळा धुतली. मागून आलेला सेवकराम तांब्यातून पाणी घालत होता. काम झाल्यावर तो सासऱ्यापुढे खाली वाकला आणि भांगातले केस बोटांनी बाजूला केले. मुळाशी केस पांढरे होते.

"बत्तिसाव्या वर्सापासून रंग लावतो, मामाजी," तो म्हणाला.

"शकुनले मालूम आहे?"

"तेच तर लावून देते."

हे ऐकून केवळराम डॉक्टरचं मँगनीज ऐकलं त्यापेक्षा जास्त हादरला. बायको नवऱ्याच्या डोक्याला रंग लावते आणि दोघं तुमसरमध्ये ताठ मानेनं फिरतात, हे त्याच्या हिशेबात कुठं बसत नव्हतं. त्यानं विचारलं की आग होते का, किती वेळ ठेवावा लागतो, आणि उशीला लागतो का. पुढच्या रविवारी सेवकराम रंगाची पुडी, वाटी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन आला.

परसात बाजेवर बसवून त्यानं सासऱ्याच्या मिशीला आणि भुवयांना रंग लावला आणि बजावलं की अर्धा तास तोंड हलवायचं नाही, नाहीतर रंग दातांना लागेल. केवळराम दुपट्टा तोंडावर घेऊन बसला. नेमके त्याच अर्ध्या तासात लोक आले. परसरामने धानाच्या चुरण्यासाठी, म्हणजे मळणीसाठी, चार दिवस बैलजोडी मागितली. केवळरामला नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायला तोंड लागतं. त्यानं मान हलवली, आणि परसरामला ती उभी दिसली. मग मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, कमिटीवाले आले. यंदा अध्यक्ष तुमीच व्हा, म्हणाले. केवळरामने जोरानं मान हलवली. ते आभार मानून, सेवकरामच्या हातचा चहा पिऊन गेले.

रंग धुतला. मिशी झाली खरी काळी, पण बुटाला पॉलिश केल्यासारखी. केवळरामने आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. बेबीबाई म्हणाली की दंडारीच्या नाटकातला राक्षस बरा. मुलाला जवळ आणलं तर त्यानं टाहो फोडला. केवळरामने पुडी परत केली. वाईट आहे असं नाही, तो जावयाला म्हणाला, पण मिशीसाठी बैल गेले, अध्यक्षपद गळ्यात पडलं. महिन्याला एवढं परवडणार नाही.

मंडईच्या दिवशी तो अर्धी काळी, अर्धी पांढरी मिशी घेऊन अध्यक्ष म्हणून बसला. होळीपर्यंत ती पूर्ण पांढरी झाली. गावातल्या बायकांचं म्हणणं पडलं की आता माणूस रागावल्यासारखा दिसत नाही, काही विचारता येतं. त्या विचारू लागल्या आणि केवळराम उत्तरं देऊ लागला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सेवकराम शकुनला आणि मुलाला घेऊन आला, तेव्हा त्याच्या ओठावर मिशी होती. सासऱ्याच्या मनासारखं एकदा करावं म्हणून त्यानं दोन महिने वाढवली होती. पाणी न मिळालेल्या पऱ्ह्यातल्या धानाच्या रोपांसारखी ती जागोजागी विरळ उगवली होती, मधेच पांढरी, मधेच तांबूस. सेवकराम तोंड जरा वर करून उभा राहिला.

केवळराम जवळ गेला. चष्मा लावून त्यानं मिशी नीट पाहिली. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जवाई, काढून टाका," तो म्हणाला. "तुमाले नाही शोभत जी."

सेवकरामने एवढा मोठा श्वास सोडला की शकुन आतून बाहेर आली. केवळरामने स्वतः पाणी गरम केलं, वस्तरा काढला आणि जावयाला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं. बेबीबाईनं लांबूनच विचारलं की हात कापत तर नाही ना. ड्रिल मशीन धरून कापायचा तेवढाच कापतो, केवळराम म्हणाला, आणि सेवकरामने डोळे मिटून घेतले.