बिळाखालचा पांढरा ओघळ

बाळ झोपलं की माझं ऑफिस सुरू होतं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला त्याच्या वाट्या-चमचे, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. ओढ्याच्या काठावर गोदामं बांधायची आहेत. त्याने तिथल्या झाडांचं, जिवांचं काय होईल, हा अहवाल मी लिहीत होते. खाली सही माझीच.

त्या दुपारी फक्त फोटोंना नावं द्यायची राहिली होती. ‘काठ, उंदरांची बिळं’ हा फोटो मोठा केला आणि हात थांबला. वरच्या बिळाखाली पांढरा ओघळ होता, कुणी खडूचं बोट पुसावं तसा.

हा ओघळ माझ्या ओळखीचा. बाबा याच ओढ्याची पातळी नोंदवायचे. रोज उजाडताना मला खांद्यावर घेऊन पाण्यात रोवलेल्या आकड्यांच्या खांबापाशी जायचे. आकडा मी वाचायचा, वहीत त्यांनी लिहायचा. मी सहाला नऊ म्हटलं तरी हसायचे नाहीत. “मान सरळ करून वाच,” एवढंच. मग काठाकडे बोट करायचे. “बिळाखाली पांढरं दिसलं की खंड्याचं घर समजायचं. उंदीर दारात एवढी घाण करत नाही.” त्यांच्या केसांचा साबणाचा वास अजून नाकात आहे.

मी त्यांना फोन लावला, ओढ्यावरच्या पाच भेटींनंतर आज फोटोत दिसलेला ओघळ सांगितला.

“किती वाजता गेली होतीस?”

“बारा ते दोन. तेव्हाच हा झोपतो, सासूबाई बघतात.”

“पाचही वेळा?”

“हो.”

“म्हणजे तू ओढा नाही पाहिलास, लेकाची झोप पाहिलीस. भर दुपारी तिथे काय दिसणार, बाळा? वाळत घातलेले कपडे.”

हसू आलं, पण बाबांचं खरं होतं. तसाच साहेबांना फोन केला.

“ताई, परवा अहवाल द्यायचाय. एका पक्ष्यासाठी काठ सोडा म्हणून सांगू गोदामवाल्यांना?”

“पक्षी आहे का ते आधी बघू द्या. नाहीतर सही दुसऱ्या कुणाची घ्या.”

“चार सकाळी देतो. पाचवी मागू नका.”

पहिल्या सकाळी बाळाला पोटाशी बांधून पोचले, तर बाबा काठी टेकत आधीच हजर.

“गुडघे?”

“घरी ठेवून आलोय.”

आम्ही समोरच्या काठावर बसलो. बाळ माझ्या शर्टाचं बटण चोखत होतं. तेवढ्यात पाण्यावरून एक निळी रेघ सुळकन गेली आणि चोचीतल्या मासोळीसकट बिळात शिरली. बाळाच्या तोंडातून बटण सुटलं.

“लिही,” बाबा हळूच म्हणाले. “आत पिल्लं आहेत.”

चार सकाळींत अशी तीन घरं सापडली. शेवटच्या दिवशी निघताना बाबांनी नातवाला त्या खांबाकडे वळवलं. आकड्यांचा रंग निम्मा उडालाय.

“वाच रे.”

“ब्ब,” तो म्हणाला.

बाबा हसले नाहीत. “मान सरळ करून वाच.”

अहवालात मी उंदीर खोडले, काठ जसाच्या तसा ठेवून गोदामं मागे घ्यावीत असं लिहिलं. आधीच्या पाच भेटींपुढे खरं तेच नोंदवलं: ‘दुपारी, पाहणाऱ्याच्या सोयीने.’

“हे वाक्य तरी काढा,” साहेब म्हणाले.

ते ठेवूनच मी सही केली. आत बाळ उठलं होतं.