पन्नासच्या वेगाने

राजमती रेल्वेच्या इंजिनात चालकाच्या जागेवर बसली होती. कोल्हापूरहून निघालेली तिची गाडी मिरजेपर्यंत कुठे थांबणार नव्हती. काल आणि परवा ती उशिरा पोचली होती. आज तिसऱ्यांदा उशीर झाला तर मुख्य मार्गावर गाडी चालवणं बंद, यार्डात डबे जोडत बसायचं, असं साहेबांनी बजावलं होतं.

इंजिनात संगणकाचा नवा पडदा बसवला होता. कोणती गाडी या क्षणी कुठे आहे हे पाहून तो वेग सुचवायचा. आता त्यावर अक्षरं उमटली : 'समोरची गाडी हातकणंगल्यात ९.१३ ला. वेग ५० ठेवा.' रूळ एकेरी होता; समोरून येणारी ती गाडी हातकणंगल्यात बाजूच्या रुळावर गेल्याशिवाय हिला पुढे वाट नव्हती.

तिने वेग उतरवला.

"ताई, बैलगाडी हाय व्हय ही?" सहायक शार्दूल हसला. "त्यो रस्त्यावरचा दूधवालाबी पुढं गेला की!"

"काल नव्वदनं पळवली. काय झालं?"

"लाल सिग्नलला उभी ऱ्हायली."

थांबलेल्या सायकलचं पहिलं पायडल किती जड जातं ते आठवून पाहा. इथे अठरा डबे होते. उभी गाडी पुन्हा वेगात आणण्यात वेळही जायचा आणि वीजही.

रुकडी मागे पडलं आणि उसाच्या फडांमध्ये पडदा काळा झाला. रेंज गेली.

शार्दूलचं हसू मावळलं. "आता चुकलं तर ह्या डबड्याला कोण इचारणार न्हाय. आपल्यालाच धरतील. पळवा, ताई."

तिने घड्याळ पाहिलं : ९.०८. हातकणंगल्याचा सिग्नल पाच किलोमीटरवर. पन्नासने सहा मिनिटं. म्हणजे ९.१४. तोवर समोरची गाडी स्थानकात आलेली असेल.

"आन् ती वाटंतच थांबली असली तर?"

तीच भीती राजमतीलाही होती. तरीही तिने वेग वाढवला नाही.

"पिवळा!" शार्दूलने सिग्नल पुकारला. थोड्या वेळाने, "लाल!"

तिने ब्रेक लावला. चाळीस. तीस. पुढे लालच. आता गाडी थांबणार, मग यार्ड. वीस...

"हिरवा! ताई, हिरवा!"

बाजूच्या रुळावर समोरची गाडी येऊन उभी होती. तिच्या चालकाने हात हलवला. राजमतीने मान हलवली आणि वेगाचा दांडा पुढे ढकलला.

मिरजेत गाडी वेळेवर लागली. शार्दूल उड्या मारायच्या बेतात होता.

"वही काढ," ती म्हणाली. "रेंज कुठं गेली आणि कुठं आली, ते लिही. उद्या परत इथनंच जायचं हाय."