न फुगलेली गुडदी

मित्रांनो, मनकर्णाबाईंच्या फडताळात, मिठाच्या बरणीमागे एक काळीभोर गुडदी पडलेली दिसेल. ती मी. पाण्याच्या पिपाच्या बुडाला जे भोक असतं, ते बुजवायला मला घडवलं. मनात एक सल आहे, तेवढा सांगते.

पेडगावच्या आश्रुबा सुतारांनी मला बाभळीतून तासलं. आमचं काम सोपं. भोकात जरा सैल बसायचं; पाणी पिऊन अंग फुगलं की भोक आपोआप बंद. ठोकून बसवली तर फुगताना पिपाची फळी चिरते, म्हणून सैलच बसवायची, असा रिवाज. पण चार महिन्यांत गुडदी कुजायची आणि आश्रुबा कुरकुरायचे.

मनकर्णा तेव्हा त्यांची नवी नवरी. नवऱ्याचा ताप वाचावा म्हणून तिनं मला दोन दिवस बिब्ब्याच्या तेलात शिजवलं. तिच्या दोन्ही हातांवर बिब्बा उतला, फोड आले, तरी हसत म्हणाली, "आता हिच्यात पान्याचा थेंब शिरायचा न्हाई."

"लय शानी हायस," आश्रुबा म्हणाले. मीही फुशारले.

उन्हाळ्यात विहिरी आटल्या. दुकानदार बसप्पांची लेक उमादेवी माहेरी बाळंत झालेली, आणि घरात घोटभर पाणी नाही. बसप्पांनी आश्रुबांकडून मला नेलं, दूर नदीवर जाऊन रिवाजाप्रमाणे सैल बसवलं आणि पीप भरलं. "फुगंल आपोआप," म्हणत गाडी हाकली.

मी फुगलेच नाही. माझ्या कडेनं थेंब थेंब निसटत होता, मला कळत होतं. प्यावंसं वाटत होतं, पण अंगातलं तेल पाण्याला आत येऊ देईना.

दारात गाडी थांबली तेव्हा पीप रिकामं. शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या, "बसप्पा, पानी आनायला गेलते का वाटंवर सडा टाकायला?"

कुणी हसलं नाही. आत बाळ रडत होतं.

मनकर्णा पुढं होऊन बसप्पांना म्हणाली, "तिला तेल म्या पाजलं, मामा. चूक माझी हाय." मग घरातली एकुलती भरली घागर फोड अजून न सुकलेल्या हातांनी उचलून तिनं उमादेवीला नेऊन दिली. त्या दिवशी तिची चूल पेटली नाही.

पुढं आश्रुबांनी मला दवाखान्यात दिलं. दारावर त्या काळच्या सरकारची उर्दू पाटी, आत स्पिरिटची मोठी बरणी, तिचं झाकण फुटलेलं. मला तिच्या तोंडात बसवलं आणि काय सांगू, तेलाला न जुमानता स्पिरिट अंगात शिरलं, मी तट्ट फुगले. कंपाउंडर व्यंकटरावांना पक्कडीनंही निघेना.

"अशी गुडदी बघितली न्हाई कुठं," ते म्हणाले. मला मात्र लाज वाटली. तहानलेलं कुणी नव्हतं, तिथं मी फुगले.

स्पिरिट संपलं तशी मी वाळून सुटले; बरणीला नवं झाकण आलं, मी घरी परतले. आता पिपाला कोरी, बिनतेलाची गुडदीच बसते. ती चार महिन्यांत कुजते, पण तोवर थेंब सांडू देत नाही. मित्रांनो, वस्तू जपा, पण ती कशासाठी केली ते आधी ध्यानात घ्या.

मनकर्णाबाई अजून मला पुसून ठेवतात. पुसताना त्यांच्या हातांवरचे बिब्ब्याचे काळे डाग दिसतात. मी टिकले खरी. ते डाग बघायला टिकले.