बालवाडीच्या भिंतीवर जावा

तेजस्वीला या घरात आणली ती रचनानंच. बेळगावात चित्रकलेच्या वर्गात दोघी शेजारी बसायच्या, एका डब्यातनं जेवायच्या. पुढं रचनाचं लग्न सांबऱ्यात झालं, आणि धाकट्या दिरासाठी, सौरवसाठी, स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा तिनंच सासूच्या, शालूबाईंच्या, कानावर घातलं, "कडोलीची एक पोरगी हाय, माझी मैत्रीण. लई गुणाची."

"मैत्रीण येगळी आन् जाऊ येगळी," शालूबाई म्हणाल्या होत्या. "बघ बाई, तुझं तूच."

रचनाला तेव्हा हसू आलं होतं.

रचना गावात ओळखली जायची ती तिच्या रंगीत तोंडांमुळं. निळ्या गालांचा म्हातारा, वांग्याएवढ्या नाकाची मामी, मिरच्यांच्या मिशा लावलेला पैलवान. बघणाऱ्याला हसू यायचंच. शहरातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानासाठी तिनं अशी तोंडं काढली आणि मग जो तो तेच मागायला लागला. तीच मामी, तोच पैलवान. काढता काढता एक दिवस तिच्या लक्षात आलं, की हात नुसता सवयीनं फिरतोय. त्यानंतर नवं तोंड सुचेनाच. कागदावर गोल काढायचा, त्यात डोळे घालायचे, आणि त्या डोळ्यांनी परत तिच्याकडं दगडासारखं बघायचं.

नेमक्या त्याच दिवसांत तेजस्वीचा चित्रातला हात मोकळा सुटला होता. भाकरी थापता थापता तिला तोंडं सुचायची. पिठाचा हात तसाच घेऊन ती रचनाला दाखवायला यायची आणि रचना म्हणायची, "छान हाय." म्हणताना जीभ जड व्हायची.

दसऱ्याच्या सुट्टीत गावच्या बालवाडीची भिंत रंगवायचं काम आलं. नवीन पोरं दारातच भोकाड पसरतात, त्यांना हसवणारी तोंडं पाहिजेत, असं तिथल्या अक्काताई बाईंचं म्हणणं. दाराच्या डावीकडची भिंत रचनाकडं, उजवीकडची तेजस्वीकडं.

पहिल्या दोन दिवसांतच तेजस्वीनं एक म्हातारी उभी केली. एक डोळा बशीएवढा, दुसरा बोराएवढा, हसताना तोंडात एकच दात, आणि केसांच्या जागी जोंधळ्याची कणसं. रचनाच्या बाजूला पांढरा रंग होता आणि त्यावर खडूनं काढून पुसलेले गोल.

"रचू, कसं झालंय सांग की," तेजस्वीनं विचारलं. चारचौघांत ती आक्का म्हणायची, दोघीच असल्या की रचू.

म्हातारी इतकी जिवंत होती की रचनाला तिच्याकडं धड बघवेना. ती म्हणाली, "डोळे सारखे कर. बारकी पोरं भितील."

तेजस्वी क्षणभर तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं ब्रश उचलला आणि डोळे सारखे केले. म्हातारी मेली. भिंतीवर उरलं ते औषधाच्या जाहिरातीतलं तोंड. रचनाला आतून गार वाटलं, उन्हातनं येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. पण ते गारपण घरी पोचेपर्यंतही टिकलं नाही. तिची स्वतःची भिंत कोरीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी परत गेल्या. तेजस्वीनं म्हातारीच्या तोंडावर पांढरा हात मारला आणि नवी म्हातारी काढली. आता तिचा मोठा डोळा आणखी मोठा होता आणि त्यात एक विमान उडत होतं. अक्काताई बाई बघायला आल्या, पदर तोंडाला लावून हसल्या आणि सहज म्हणाल्या, "तेजस्वी, ती दुसरी बाजूपण तूच घे की. तुझ्या आक्कांना बरं वाटत नसंल."

"माझी बाजू मीच करनार," रचना म्हणाली.

तिनं खडू घेतलाच नाही. कच्च्या कैरीच्या रंगाचा डबा उघडला आणि सरळ भिंतीवर फटकारा ओढला. लांबच लांब मान, सगळीकडं डोकावणारी. या कानापासून त्या कानापर्यंत तोंड, त्यात मक्याच्या कणसासारखे खचाखच दात. उंच चढवलेली एक भुवई, जशी काय सगळी अक्कल हिलाच. आणि नाकाच्या शेंड्यावर लाल रंगाचा ठिपका, कारण तेजस्वी रंगाच्या हातानं नाक पुसायची आणि दिवसभर तशीच फिरायची. रचना रागानं रंगवत होती. कुणाला हसवायचं, कुणाला आवडंल, हे काही तिच्या डोक्यात नव्हतं. ती मागं सरली तेव्हा दुपार उतरली होती. भिंतीवरची बया तिच्याकडं बघून दात काढत होती. कितीतरी महिन्यांनी रचनाच्या हातचं तोंड तिच्याकडं उलटून बघत होतं.

तेजस्वी शिडीवरनं उतरली, येऊन शेजारी उभी राहिली. तिचा हात आपोआप नाकाकडं गेला.

"ही मी हाय न्हवं?"

रचना ब्रशावरचा रंग डब्याच्या काठाला निपटायला लागली.

"एवढे दात हायत व्हय मला?"

"तेजू..."

"डोळे सारखे करायला सांगितलंस, तेव्हाच मला समजलं होतं," तेजस्वी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

"मग केलंस कशाला?"

"वाटलं, ती मेलेली बघून तुलाच वाईट वाटंल. वाटलं काय?"

रचनानं खरं तेच सांगितलं. "न्हाय. आदी बरं वाटलं. वाईट मागनं वाटलं, आन् ते पण माझ्या भिंतीसाठी."

तेजस्वीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. आपल्या बाजूला गेली आणि राहिलेल्या जागेत निळा रंग भरायला लागली. संध्याकाळपर्यंत तिथं एक निळी बाई झाली. ओठ चिमटीत धरल्यासारखे मिटलेले, गाल आत ओढलेले आणि दोन्ही बुबुळं तिरकी सरकून दारापलीकडच्या दातवालीवर खिळलेली. ती नजर अशी उतरली होती की रचनाला आपली चोरी भर बाजारात धरल्यासारखं झालं. आणि त्यातही मनात पहिलं आलं ते हेच, की ही बुबुळं मला का सुचली नाहीत.

घरी जाताना दोघी पुढं-मागं चालल्या. पण ब्रश एकाच डब्यात धुतले.

सुट्टी संपून बालवाडी उघडली त्या दिवशी शालूबाई रचनाच्या पोराला सोडायला गेल्या. दारात थांबून त्यांनी दोन्ही भिंती निरखल्या. घरी येऊन त्या चुलीपाशी टेकल्या आणि म्हणाल्या, "पोरं हसत्यात बाई. ती निळी जळतीया आन् ती हिरवी मिरवतीया. आमच्या घरातलं सगळं भाईर काढलासा की दोघींनी."

"आत्ती, तसं न्हाय," दोघी सुना एकदमच म्हणाल्या आणि एकमेकींकडं बघून थांबल्या.

थंडी पडायला लागली तशी एक दिवस रचनाच्या फोनवर कडोलीहून कुणाचा तरी फोन आला. साहित्य संमेलनाच्या मांडवाला रंगीत मुखवटे लावायचे होते. "सांबऱ्याची ती भिंत बघितली," माणूस म्हणाला. "ती विमानाच्या डोळ्याची म्हातारी ज्यांनी काढली, त्या तुम्हीच काय?"

रचना परसात उभी होती. आत तेजस्वी ताक घुसळत होती. व्हय म्हणायला काय लागत होतं? मनात जुना हेवा उठला, ओळखीचा. भिंत रंगवून तो कुठं गेला नव्हता.

"न्हाय, ती माझ्या जावंनं काढली," रचना म्हणाली. "थांबा, तिलाच देते. आन् दातवाली माझी. ती पण बघितलीसा न्हवं?"

"बघितली की. तिला तर आमची पोरं लई भितात," माणूस हसत म्हणाला. "दोघीबी या."

तिनं फोन तेजस्वीच्या हातात दिला. तेजस्वी बोलत होती, लाजत होती, मधेच मोठ्यानं हसत होती. ते हसणं रचनाला सहन होईना. ती पुढच्या सोप्यात गेली, नवं तोंड काढायला कोपऱ्यातली एक रिकामी फळी ओढली आणि पिवळ्या रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं.