पट्टीखालचं बटण

मित्रांनो, आधी माझ्या डाव्या कडेवरचे पोचे मोजा. एकशे बेचाळीस भरतील. चुकलात तर पुन्हा मोजा, पण बोटानं. तळहात जवळ आणू नका, मला अजून धडकी भरते.

मी एक जुना मिक्सर आहे. स्वयंपाकघरात घरघरतो तो नव्हे, तो माझा नुसता नावबंधू. माझं काम आवाजाचं. माइकमधला बारीक आवाज आत घ्यायचा, त्याला बळ द्यायचं आणि स्पीकरकडे धाडायचा. माझ्या अंगावर गोल बटणांच्या चार रांगा आहेत, एकेका माइकची एकेक. रांगेतलं पहिलं बटण आवाज आत घेतं. सगळ्या रांगांचं मिळून शेवटचं एक बटण तो बाहेर सोडतं. कारखान्यात मला बनवणाऱ्या बाईनं प्रत्येक बटण फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "गुणी आहे." मला वाटलं, आता आपण गाण्याच्या वर्गात जाणार. गेलो बॉक्सिंगच्या हॉलमध्ये.

तिथं दर रविवारी दुपारी दोन माणसं एकमेकांना बडवायची आणि चारशे माणसं ते बघत ओरडायची. नाकं फुटायची, भुवया उसवायच्या. एकदा एक दात उडाला आणि माझ्या दोन बटणांच्या मध्ये रुतून बसला. आठवडाभर मी चावरा दिसत होतो. प्रेक्षक खुर्च्या फेकायचे. एक खुर्ची वर गेली ती पुढच्या रविवारी खाली आली, पण तुम्ही हसाल म्हणून ते सांगत नाही. शेवटी हॉल चालवणाऱ्या उस्तादांनी रिंगणाभोवती छतापर्यंत तारेची जाळी लावली आणि तिला आतून कडी घातली.

उस्तादांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, थापड. घड्याळ थांबलं, थापड. पंखा कुरकुरला, थापड. पुतण्याचं लक्ष नसलं की त्याच्या डोक्यात टपली. हा पुतण्या त्यांचा लाडका बॉक्सर. कितीही मार खाल्ला तरी पडायचा नाही, म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. त्याची थोरली बहीण, ताई, जाळीबाहेर माझ्याजवळ बसून माइकवर बोलायची.

त्या हॉलचा एक नियम जगावेगळा होता. इतरत्र लढत सोडायची झाली की रिंगणात टॉवेल फेकतात. इथं प्रेक्षकच गंमत म्हणून टॉवेल फेकू लागले. एका दुपारी सतरा पडले. उस्ताद म्हणाले, "टॉवेलबिवेल बंद. ताई माइकवर 'थांबा' म्हणेल तेव्हाच थांबायचं." पंच स्वतः जुना बॉक्सर. मार खाऊन त्याच्या कानांचा कोबी झाला होता. डोक्यावर टांगलेल्या स्पीकरशिवाय त्याला दुसरं काही ऐकू येत नसे.

म्हणजे बघा, आतल्या माणसाचा जीव माझ्या आवाजावर टांगलेला. आणि माझाच आवाज बसला होता.

का बसला, ते ऐका. फार पूर्वी एकदा माइकच्या तोंडाशीच घंटा वाजली. स्पीकर असा किंचाळला की पुढच्या रांगेतल्या आजोबांची कवळी मांडीवर पडली. उस्तादांनी त्या माइकच्या रांगेतलं माझं पहिलं बटण पार खाली आणलं आणि मुठींना गुंडाळायची पांढरी चिकटपट्टी त्यावर दाबून बसवली. पट्टी मळली, माझ्यासारखीच काळी झाली, विसरली गेली. पुढे हॉलमध्ये बाकं वाढली, गोंगाट वाढला, ताईचा आवाज मात्र तेवढाच. शेवटचं बटण पुरतं फिरवलं, तर नुसता फसफसाट वाढला. वायर बदलली, स्पीकर बदलला, माइक दुसऱ्या रांगेत लावून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मग थापडा सुरू झाल्या. त्या मारानं माझ्या बाकीच्या तीन रांगा मेल्या. उरली ती पट्टीवाली.

त्या रविवारी खांबासमोर घण उभा होता. घण हे टोपणनाव. एरवी हा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचा. आत जाता जाता तो माझ्यापाशी थांबला.

"उस्ताद, मारताय कशाला त्याला? ताई बोलते तेव्हा याचा हिरवा दिवा लुकलुकतसुद्धा नाही. आवाज आतच शिरत नाहीये. सुरुवातीपासून बघत या."

"तू तुझे ठोसे सांभाळ."

"काका, एकदा बघू तरी," ताई म्हणाली.

"लढत झाल्यावर बघू. तू जरा पोटातून बोल." आणि मला एक थापड.

घणाच्या पहिल्याच ठोशानं खांबाची भुवई उघडली. दुसऱ्यानं ओठ. तिसरा बरगडीत बसला, त्याचा आवाज मी टेबलावर ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. खांब पडेना. डोळे सुजून मिटले, डाव्या कानातून रक्ताची धार लागली, तरी हात फिरतच होते. समोर कोण आहे हे त्याला कळत नव्हतं.

"थांबा," ताई म्हणाली. मग ओरडली. मी जीव तोडून ढकललं, स्पीकरमधून कुजबुज बाहेर पडली. उस्तादांनी मला थापडा घातल्या, एक, दोन, पाच. ताई जाळी हलवू लागली. लोकांना वाटलं, ती पण रंगात आलीय.

घणानं तिचा चेहरा पाहिला. त्यानं खांबाला मिठीत आवळलं, ढकलत जाळीपाशी आणलं आणि तोंडातलं रबर थुंकलं.

"ताई, तीन रांगांना पहिलं बटण आहे. चौथीचं दिसत नाही. पट्टीखाली असेल."

पंचानं दोघांना सोडवलं. खांब पुन्हा आंधळेपणानं धावून गेला, त्याला परतवायला घणाचा हात उठला.

ताईनं पट्टीला नख लावलं. नख मोडलं. तिनं वाकून दातांनी पट्टी ओढली, वर्षानुवर्षांचा मळ तोंडात घेतला आणि बटण फिरवलं.

"थांबा!"

मित्रांनो, छताचे पत्रे हलले. रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानं वस्तरा गालावरच थांबवला. चारशे तोंडं मिटली. पंचानं कोबीवर हात ठेवले आणि मध्ये पडला. खांब उभ्याउभ्या घणाच्या खांद्यावर टेकला. पहिल्यांदाच.

तो जगला. डावा कान मात्र गेला. आता घण दर महिन्याला येऊन माझी बटणं पुसतो, मेलेल्या तीन रांगांपैकी दोन त्यानं उठवल्या.

परवा उस्तादांनी खांबाला तीनदा हाक मारली. तो डाव्या बाजूनं ऐकणार कसा? सवयीनं उस्तादांचा हात वर गेला. माझी सगळी बटणं शहारली. हात तिथंच थांबला, खाली आला. मग ते म्हातारे गृहस्थ हळूहळू वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हणाले, "जेवलास का रे?"

तुमच्याही घरात कुणाचा आवाज कमी येत असेल, तर मित्रांनो, तेवढा वळसा घाला.